साहेब खात नाही

सिरिंजमधली हिरवी पेस्ट पुन्हा मिस्त्रींच्या बाहीवर उडाली. सशाने तोंड फिरवलं, मागच्या पायांनी त्यांच्या मनगटावर ओरखडा काढला आणि टॉवेलात अंग चोरून बसला.

"नाही घेत," मिस्त्री म्हणाले.

"द्या इकडे." मुलीने टॉवेलासकट ससा उचलला. "मी बघते. तुम्ही पडा जरा."

ती त्याला आईच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. सशाला शांतता लागते, असं तिचं म्हणणं.

ससा मिस्त्रींच्या बायकोचा. मुलीनेच तिला आणून दिलेला. कोणीही आलं तरी जागचा उठत नाही म्हणून बायको त्याला 'साहेब' म्हणायची. ती गेली आणि घरात बोलायला साहेबच उरला. मिस्त्री त्याच्यापाशी लाकडाच्या भावाबद्दल कुरकुरत, गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगत. मग एका सकाळी साहेबाने कोथिंबिरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली तेव्हा कुठे मिस्त्रींना मुलीला कळवायचं धाडस झालं. आई गेल्यापासून तिने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आईचं दुखणं किती वाढलंय हे मिस्त्रींनी तिला कळूच दिलं नव्हतं. नवी नोकरी, उगाच धावपळ कशाला. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. "हे ठरवणारे तुम्ही कोण?" एवढंच ती म्हणाली होती. त्यानंतर फोनही नाही.

आता आली होती, एक लहानशी बॅग घेऊन. दारातच सांगून टाकलं, "साहेब खायला लागला की मी निघणार."

दोघांचं बोलणं सशापुरतंच.

"पाणी प्यायला?"

"दोन थेंब."

"लेंड्या?"

"नाहीत."

सगळं त्यावरच अडलं होतं. आतडी चालू झाली की लेंड्या पडतील, नाहीतर काही खरं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मिस्त्री येता-जाता पिंजऱ्यात डोकावत. पिंजरा त्यांच्याच हातचा. त्याचा तळ लख्ख असे. ते पुन्हा दार लोटून घेत.

एरवी मुलगी आईचं कपाट आवरत बसे. लोकरीचे गुंडे, जुने फोटो, बटणांचा डबा. हे सगळं घेऊन जाणार, मिस्त्रींना वाटे. मग इथे परत यायला काही कारणच उरणार नाही.

एकदा तिने उशीची खोळ पुढे केली. "ही आईने कधी शिवली?"

"शेवटी शेवटी. हात थरथरायचा तेव्हा. टाके बघ, कसे वाकडेतिकडे गेलेत. मी म्हटलं, राहू दे. तर म्हणाली, तुमच्या दारांपेक्षा सरळ आहेत."

मुलीचे ओठ हलले, पण हसू फुटलं नाही. मिस्त्री बोलत राहिले. बायको खिडकीशी कशी बसायची, कोणाची वाट बघायची. मुलीने खोळीची नीट घडी घातली.

"साहेबाला भरवायची वेळ झाली," म्हणाली आणि उठली.

संध्याकाळी ती फोनवर कोणाला तरी सांगत होती, "नाही हो सर, अजून काहीच खात नाही. रजा वाढवावीच लागेल." आवाज दमलेला. एका सशापायी पोरीची नोकरी जायची, मिस्त्रींच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार ढकललं तर साहेब पाय ताणून एका कुशीवर आडवा पडलेला. डोळे अर्धवट मिटलेले. कोथिंबिरीची काडी त्यांनी नाकाशी धरली. नाक हललं, तोंड उघडलं नाही.

बायकोही अशीच पडून असायची. ते चमचा चमचा सूप तिच्या तोंडात घालत राहिले, ती "पुरे" म्हणाली तरी.

"उद्या याला घेऊन जाऊ," त्यांनी मुलीला सांगितलं. "शेवटचं इंजेक्शन द्यायला सांगू."

तिचा चेहरा उतरला. "नको. थोडे दिवस थांबू या ना. इतकं मनाला लावून घेऊ नका."

"हाल होतायत त्याचे."

"बाबा, मला न सांगता काही करायचं नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

पण सकाळी ती भाजी आणायला बाहेर पडली आणि त्यांनी साहेबाला टोपलीत ठेवलं. तिला ते बघवलं नसतं. निदान एवढं तरी तिच्या वाट्याला नको. दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात ते टोपलीशी बोलत होते. काय बोलत होते ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. माणसं वळून बघत होती.

"आता सोडवा याला," त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मागे वजनकाटा खडखडला.

"मिस्त्री, इकडे या," बाई म्हणाल्या. साहेब वजनकाट्यावर बसला होता. "मागच्यापेक्षा वजन वाढलंय याचं. पोट गच्च भरलेलं आहे. आणि टोपलीत बघा, चांगल्या टपोऱ्या लेंड्या. हा आज नाही, आठवडाभर तरी व्यवस्थित खातोय. खात नाही म्हणून तुम्हाला सांगितलं कोणी?"

मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे बायकोच्या खोलीचं लोटलेलं दार आणि पिंजऱ्याचा लख्ख तळ आला. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, आणि फोनवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "तुमची मुलगी आहे. रडतेय. काय सांगू?"

मिस्त्रींनी बाहीने डोळे पुसले.

"सांगा, इंजेक्शन दिलेलं नाही," ते म्हणाले. "पण दुखणं अजून बरंच आहे म्हणावं. घरात माणूस लागेल."