पत्ता नागपूरचा

"दादा, निदान खोटं तरी बोलू नका," गुलाबराव म्हणाला. जबलपूरला, चेरीतालच्या घराच्या बैठकीत त्याचा थोरला भाऊ बळीराम नागपूरहून आला तसा, पिशवीसकट उभा होता. बसा म्हणायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

गुलाबरावच्या मुलीचं, एकताचं, ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलाकडच्यांचं कमानिया गेटला साड्यांचं दुकान. दुकानाच्या वेबसाइटवर कुणीतरी निनावी निरोप टाकला, मुलीला फिट्स येतात. मुलाच्या भावानं, शैलेंद्रनं, निरोपाचा आयपी अ‍ॅड्रेस शोधून काढला. गाव निघालं नागपूर. आणि नागपुरात एकतावर जळणारं घर एकच. हाच मुलगा आधी बळीरामच्या सलोनीला नाकारून आला होता.

गुलाबरावची बायको पुष्पा कोपऱ्यात बसून फोनवर कुकरचं रबर मागवत होती. नेहमीसारखं आधी 'नागपूर' पुसून 'जबलपूर' लिहावं लागलं. नागपूर तिचं माहेर. "हिचं सुटलं, हिच्या फोनचं सुटेना," असं गुलाबराव एरवी चिडवायचा.

तशी बाई मुकाटच. सुनेनं बँकेतली नोकरी सोडावी, असं मुलाची आई म्हणाली, तेव्हा चहा निवायच्या आत गुलाबरावनं हो म्हटलं होतं. एकता आत जाऊन रडली. पुष्पानं नुसते कप उचलले.

"माह्या पोरीला नकार आला म्हणून मी तुह्या पोरीचं वाटोळं करीन?" बळीरामनं विचारलं.

"मग काय कॉम्प्युटर खोटं बोलून राहिला?"

"कॉम्प्युटर तुहा भाऊ हाय का?"

गुलाबरावनं दार दाखवलं. माझ्या मयतीलाही येऊ नका, हेही वर सांगितलं. बळीराम दर खेपेला सावजी मसाला आणायचा. आज बाहेर काढलेला पुडा त्यानं परत पिशवीत टाकला आणि निघून गेला.

भाऊ गेला ते चाललं, मसाला गेला ते गुलाबरावला लागलं. मागे हटेल तर तो गुलाबराव कसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या फोनवर मसाला मागवायला घेतला. वर लिहिलं होतं, डिलिव्हरी: नागपूर.

त्याला तर माहेर नव्हतं.

"पुष्पा, हा काहून नागपूर दाखवून राहिला?"

पुष्पा कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"घरच्या वायफायची कंपनी नागपूरची हाय. इथून कोणाचाही फोन लावा, नागपूरच दाखवते. त्याच नागपूरनं एकताची नोकरी वाचवली."