कापडाची कात्री

"वरची तुझ्या कात्रीनं कागद कापते," नवरा म्हणाला.

बायकोनं मिटलेले डोळे उघडले. मग मिटलेलं तोंडही उघडलं. तो त्याचीच वाट बघत होता. सुपाचा चमचा आत गेला.

"कसला कागद?"

"पुठ्ठा."

दुसरा चमचा गेला.

बायको शिवणकाम करायची. कापडाच्या कात्रीला कागद दाखवायचासुद्धा नाही, हा नियम लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ठरला होता. बाकीचे संसाराचे नियम सवडीनं ठरले. ती कात्री वरच्या मजल्यावरच्या शेजारणीनं बायकोच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी "दोनच दिवस हं, वहिनी" म्हणून नेली होती. त्याला सात महिने झाले. दरम्यान बायकोची गाठ गेली, केस गेले, भुवया गेल्या, पाच डोस होऊन गेले. कात्री काही आली नाही.

शेवटचा, सहावा डोस दोनदा पुढे गेला होता. उद्या सकाळी दवाखान्यात वजन चव्वेचाळीस किलो भरलं नाही तर तो तिसऱ्यांदा जाणार होता, आणि "फार लांबवणं बरं नाही" हे वाक्य डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत बोलल्या होत्या. नवरा धंद्यानं वजनकाटे दुरुस्त करणारा. अख्ख्या बाजाराचे काटे त्यानं सरळ केले होते. घरातलं एक माणूस तेवढं त्याला जड करता येत नव्हतं. लाडीगोडी झाली, शपथा झाल्या, एकदा तर तो रडलाही, पण घास काही उतरेना. तिला सगळ्याला गंजलेल्या खिळ्यासारखी चव लागायची. मग आठ दिवसांपूर्वी बोलता बोलता कात्रीचा विषय निघाला आणि ती अर्धी वाटी रागारागात गिळून गेली. तेव्हापासून तो रोज वरचीच्या नावावर एक नवा गुन्हा चढवत होता.

"काल बाल्कनीत बसून कुत्र्याची नखं कापत होती."

"माझ्या कात्रीनं? कुत्र्याची?"

"मोठं कुत्रं आहे."

तिसरा, चौथा, पाचवा. बायकोच्या गालांवर रंग चढला.

"मला उठू दे एकदा. पडदे शिवायला माझ्याकडेच येईल ना ती? एक पडदा चार बोटं आखूड शिवते. एकच. बसू दे जन्मभर बघत."

"दोन्ही आखूड शीव."

"अहो, दोन्ही आखूड असले तर फॅशन वाटते. तुम्हाला काही कळत नाही."

सहावा चमचा. इतक्यात बेल वाजली.

दारात वरची उभी होती. तिच्या हातात मऊ फडक्यात गुंडाळलेली कात्री होती.

"भाऊजी, आई आजारी म्हणून गावी अडकले ते आत्ता आले. वहिनी, चुकलं हो माझं. धार लावून आणलीय, तेलही दिलंय. खरं सांगू? एकदाही वापरली नाही. तुमची कात्री म्हटल्यावर हातच धजेना." तिनं कात्री पलंगावर ठेवली, वहिनींचा हात दाबला आणि डोळे पुसत निघून गेली.

बाई इतकी नीच वागेल असं नवऱ्याला वाटलं नव्हतं.

बायकोनं पात्यावरून अंगठा फिरवला. "चांगली आहे हो बिचारी," ती म्हणाली आणि उशीवर मान टाकून तिनं डोळे मिटले.

"अगं, सूप."

"नको आता."

वाडगा निम्मा होता. नवऱ्यानं सूप पाहिलं, मिटलेले ओठ पाहिले, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग त्यानं पलंगावरची कात्री उचलली, टेबलावरचा आजचा पेपर घेतला, आणि बायकोच्या कानाशी नेऊन कापला.

कर्र.

"अहो!"

तिच्या डोळ्यांत बघत त्यानं दुसरी पट्टी कापली.

"अरे ए!"

चोवीस वर्षांत ती त्याला पहिल्यांदा 'अरे' म्हणाली. तिनं कोपर टेकून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शिव्या द्यायला अंगात जोर लागतो आणि असलेला सगळा जोर त्या वाडग्यात होता. तिनं तो ओढून घेतला आणि तोंडाला लावला.

"तुझ्या सगळ्या शर्टांचे खिसे शिवून टाकते," घोट. कर्र. "पँटचे पण," घोट. कर्र. "केस येऊ देत माझे, मग तुझे कापते. ह्याच कात्रीनं!"

नवरा क्रीडा, हवामान, राशिभविष्य असं कापत गेला. निधनवार्तांचं पान त्यानं जरा जास्तच बारीक केलं. ते संपलं तेव्हा वाडगाही संपला होता.

बायकोनं कात्री हिसकावून घेतली. भिंत धरत धरत ती कोपऱ्यातल्या काट्यापर्यंत गेली आणि कात्री छातीशी धरून वर उभी राहिली. चव्वेचाळीस किलो, दोनशे ग्रॅम.

"कात्री खाली ठेव."

"नाही ठेवणार. तुझा भरवसा नाही."

कात्रीचं वजन साडेतीनशे ग्रॅम, हे त्याला पाठ होतं. भरलं म्हणून सांगून टाकावं, असं एकदा ओठांवर आलं. पण उद्याचा काटा दवाखान्याचा होता, आणि तो गेल्याच महिन्यात त्यानंच दुरुस्त केला होता. चांगला केला होता.

"दीडशे ग्रॅम कमी आहे," तो म्हणाला.

बायको काट्यावरून उतरली नाही. तिनं जमिनीवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं, रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं, मग बराच वेळ त्याच्याकडे. शेवटी पाती स्वतःच्या हातात धरून तिनं कात्रीची मूठ त्याच्यापुढे केली.

"सूप गरम करा," ती म्हणाली, "आणि कालचा पेपर आणा."