सोमवारची चिठ्ठी

आर्णीजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तांड्यावरची, मोहल्ल्यातली, बुद्धविहारामागची, सगळी पोरं एकाच वर्गात बसतात. तिसरीला 'सर्व धर्मांची ओळख' शिकवायची म्हणून शीला राठोड मॅडमनी सोपी युक्ती काढली. दर सोमवारी प्रत्येकानं डब्यातून चिठ्ठी काढायची, आणि जो धर्म निघेल त्याचे सण, प्रार्थना, गोष्टी आठवडाभर वर्गाला सांगायच्या.

महिनाभरात तालुक्याला तक्रार गेली, की शाळेत पोरायचे धर्म बदलवून राह्यले. चौकशीला साहेब आले. त्यांनी पहिल्याच रांगेतल्या रेहाना शेखला विचारलं, "बेटा, तुझा धर्म कोणता?"

"या हप्त्यात बौद्ध."

मॅडमचा खडू फळ्यावरच थांबला.

"मग वर्गात मुसलमान कोण आहे?"

"पियुष. पण तो आज नाही आला, सर. त्याच्या शेतात सोयाबीन सोंगून राह्यले."

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. "अगं, धर्म असा दर सोमवारी बदलत नसतो. मी एवढा म्हातारा व्हायला आलो, जन्मापासून माझा एकच आहे."

रेहाना उठली आणि कपाटावरचा डबा काढून मॅडमच्या हातात दिला.

"मॅडम, सरले एक चिठ्ठी काढू द्या ना. त्यायले आजपर्यंत कोणी काढूच नाही देली."