मीन राशीचं राहिलं

पौर्णिमा आली की राशिभविष्याच्या पानापायी उपसंपादक बाईंचं डोकं उठायचं. ज्योतिषीबुवा फोनवरून एकेका राशीचं प्रेम, पैसा, कामकाज सावकाश सांगायचे आणि बाई दात-ओठ खात टाइप करायच्या.

त्या दुपारी बुवा कुंभ राशीपाशीच थांबले.

"अहो, मीन राहिली!"

"मीन राशीचं काय सांगू? या पौर्णिमेला त्या राशीचं कोणीच नाही."

"कोणीच नाही म्हणजे? मला पान छपाईला सोडायचंय, थट्टा कसली करताय! माझा नवराच मीन राशीचा आहे. सकाळी भांडून कामावर गेलाय."

"बघा बाई," म्हणत बुवांनी फोन ठेवला.

बाईंनी कपाळावर हात मारला. या माणसाचे प्रताप नवऱ्याला तरी सांगावेत म्हणून त्याला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आता मात्र त्या भयंकर वैतागल्या. त्यांनी घरी फोन केला.

"आई, यांचा फोन का लागत नाहीये?"

"कोणाचा गं?"

"कोणाचा काय! तुमच्या मुलाचा!"

 सासूबाई मायेनं म्हणाल्या, "दमलीस का गं? घरात आपण दोघीच तर असतो."