नळाचं पाणी

हॉस्टेलच्या शेगडीवर मी पाणी उकळत होते. जलव्यवस्थापन शिकायला सहा महिन्यांसाठी मेक्सिकोहून आलेली इत्सेल मागून हसली.

"अगं बाई, कशाला वीज जाळतेस? मीही पहिला आठवडा हेच करत होते. इथे सरळ नळाचं पितात. कॅनडा आहे हा!"

"माहितीये गं. धीर होत नाही."

तिने नळाखाली पेला भरला आणि माझ्यासमोर घटाघटा रिकामा केला. "बघ, जिवंत आहे! तुमच्याकडे कधीपासून उकळता?"

"'पाणी उकळूनच प्या' ही गावातली पाटी माझ्याहून वर्षभराने मोठी आहे."

"म्हणजे आमच्याहून वाईट! कुठला गं देश तुझा?"

मी शेगडी बंद केली. दर सत्रात कुणीतरी विचारतंच.

"हाच. याच नदीच्या वरच्या अंगाला, गाडीने दोन तासांवर, आमची, इथल्या मूळनिवासी क्री लोकांची, वस्ती आहे."