म्हैस लोड होताना

लॅपटॉपवर हिरवी म्हैस उमटली तसा अभय खुर्चीतच उडाला. म्हैस म्हणजे सहा चौकोन आणि वर दोन शिंगं. पण नववीत असताना त्याने स्वतः लिहिलेला गेम होता तो, आणि चाळीसेक वर्षांनी ती पुन्हा ओढ्यात उभी होती. मामाने दुबईहून आणलेला, टीव्हीला जोडायचा तो रबरी बटणांचा कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला होता. उरली होती गेमची कॅसेट. इंजिनिअरिंगला असलेल्या लेकीने, आरोहीने, कॅसेटचा आवाज लॅपटॉपमध्ये उतरवून घेतला आणि त्या जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा इम्युलेटर टाकून दिला. बटण दाबलं की म्हैस हजर.

आता हे कौतुक आईला दाखवायला नको? आरोही आजीला आणायला बाहेर गेली.

गोजराबाई दारातल्या पायरीवर मोबाइल घेऊन बसल्या होत्या. दिवाळीत त्यांचे मालक, अभयचे आबा गेणबा गेले, तेव्हापासून त्यांचा हाच उद्योग. नातवंडांनी काढलेले गेणबांचे व्हिडिओ त्या पुन्हा पुन्हा लावायच्या. लग्नातले, जत्रेतले, भाताच्या खाचरातले, ढिगाने होते. एकातही गेणबा बोलत नव्हते. मोबाइल समोर आला की माणूस ओठ मिटून घ्यायचा. बोला म्हटलं तर नुसती मान हलवायचा. फोटो तर भिंतीवर होताच. गोजराबाईंना आवाज हवा होता, आणि तो घरात कुणाकडेच नव्हता. परवा भाकरी थापताना त्या सुनेला म्हणाल्या होत्या, "तृप्ते, मी त्येंचा आवाज इसराय लागले."

गेणबांना यंत्रापुढे गप्प राहायचं हे खूळ लागलं ते या म्हशीपायी. तेव्हा गेम कॅसेटवरून लोड व्हायला बराच वेळ लागायचा, आणि कॅसेट वाजायची घरच्याच टेपरेकॉर्डरवर. टेप म्हणजे रेकॉर्ड करणारं यंत्र. आपण बोललो तर बोलणं आत जाणार आणि म्हैस बिघडणार, अशी गेणबांची खात्री. म्हणून टेप लागली की घरात संचारबंदी. दारात कोणी आलं तरी ओठावर बोट ठेवून त्याला तिथंच थोपवायचे. आवाज वायरीतून जातो, आपल्या बोलण्याने काही होत नाही, हे अभयने शंभरदा सांगितलं. ऐकतो कोण! तेव्हापासून चालू यंत्रापुढे गेणबांनी तोंड उघडलं नाही ते नाहीच.

अभयच्याही खोडी काही कमी नव्हत्या. गेम कॅसेटवर भरून झाला की आधी टेप बंद कर, मग वायर उपस, असं मामाने बजावून सांगितलं होतं. हा नेमका उलटं करायचा.

गोजराबाई आत येऊन बसल्या आणि चष्मा लावून त्यांनी म्हैस नीट पाहिली.

"आन् कॅसेट कवा वाजली?"

आता वाजवावी लागत नाही, एका क्षणात सगळं येतं, असं अभयने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"मग ही आपली म्हैस न्हाई," गोजराबाई म्हणाल्या आणि उठायला लागल्या.

आरोही हसली. तिने आजीला पुन्हा बसवलं, 'झटपट लोड'समोरची खूण काढली आणि कॅसेटचा आवाज चालू केला.

आधी एक लांब शिट्टी. मग ओल्या लाकडावर करवत चालावी तशी किरकिर, आणि पडद्याच्या कडेने निळ्या-पिवळ्या पट्ट्यांची धावपळ. गोजराबाईंचं बोट आपसूक ओठावर गेलं. चहा घेऊन आलेली तृप्ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू पाण्याची मोटर विचारायला दारात आला होता. बाईंनी त्याला बोटानेच थोपवलं. हिंजवडीत कंपनीत असलेला तो शहाणासुरता माणूस चपला हातात घेऊन गपगार उभा राहिला. अभयला हसू आलं. आबा असते तर दाराशी तेच उभे असते.

म्हैस आली. अभयने आवाज बंद करायला हात पुढे केला, तसा गोजराबाईंनी त्याचा हात धरला.

"सरू दे. टेप सरल्याबिगर तुजं आबा कुनाला बोलू देत न्हवतं."

किरकिर थांबली होती. नुसती खरखर चालू राहिली. आरोहीने कॅसेट उतरवताना एवढ्यापर्यंत कधी ऐकलंच नव्हतं. म्हैस लोड झाली की पुढे ऐकायचं काय? मग खट् असा आवाज झाला. अभयने तो ओळखला. टेप बंद न करता त्याने उपसलेली वायर होती ती. वायर निघाली की टेपचा आतला माइक आपोआप चालू व्हायचा.

लांबून एक कोंबडं आरवलं. कुणीतरी खाकरलं. आणि फाटक्या, दबक्या, पण अगदी त्यांच्याच आवाजात गेणबांनी विचारलं,

"झालं का रं अभ्या? बोलू का आता?"

तेवढंच. टेप संपली. ओढ्यातली म्हैस लुकलुकत राहिली.

गोजराबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला आणि लॅपटॉपकडे जरा वाकून म्हणाल्या,

"बोला की."