किनारीवरची फुली

"कपडे का बिजनेस," धोंडिबाने सांगून टाकलं, आणि मीराबाईने त्याच क्षणी नवऱ्याच्या पायावर पाय दिला.

होणाऱ्या सुनेच्या, हेमाच्या, मास्तर वडिलांनी "अच्छा!" म्हणून चहाचा पेला पुढे केला. धोंडिबाच्या जिवात जीव आला. इंदूरहून दोन गाड्या आणि एक बस बदलून रानीखेतच्या वरच्या या गावात येईपर्यंत तो एकाच प्रश्नाला घाबरत होता. आप क्या करते हैं? काय सांगणार? तीस वर्षं मिलमध्ये साचा, म्हणजे माग, चालवला, धोट्यामागे धोटा पळवला, मलमल विणली. एक्क्याण्णव साली मिलला कुलूप लागलं. त्यानंतरची दोन वर्षं तो रोज सकाळी फाटकापर्यंत चालत जायचा, कुलूप बघायचा आणि घरी परत यायचा. ह्याला काम म्हणत नाहीत.

"खोटं बोलायची काय जरूरत होती?" मीराबाई हळूच म्हणाली.

"अगं, उद्या लग्न आहे पोराचं. गप बस ना."

पोरगा ज्ञानदीप, रानीखेतला फौजेत क्लार्क. हेमा तिथल्याच शाळेत शिकवायची. दोघांचं जमलं, पण मास्तरांच्या घरून होकार यायला दोन वर्षं लागली. मुलगा परमुलखातला, जात वेगळी, रीत वेगळी. शेवटी कसंबसं ठरलं की लग्न इथे पहाडी रीतीने करायचं आणि आपली बौद्ध रीतीची वंदना इंदूरला. एवढ्या मिनतवारीने आलेला होकार आपल्या बंद मिलपायी माघारी जायला नको, एवढंच धोंडिबाच्या मनात होतं.

बाकी सगळं छान चाललं होतं. अंगणात ऊन होतं, समोर बर्फाचे डोंगर दिसत होते. इंदूरची लौंगवाली शेव खाऊन गावची पोरं नाक पुसत होती आणि पुन्हा हात पुढे करत होती. बायका डोक्यावर पिवळ्या ओढण्या घेऊन गात होत्या. त्या ओढणीला इथे पिछौड़ा म्हणतात. पांढरी मलमल हळदीत रंगवायची, कापडात गुंडाळलेल्या नाण्याने तिच्यावर लाल ठिपके उठवायचे. लग्नात नवरीने पहिल्यांदा घेतला की पुढे प्रत्येक शुभकार्यात डोक्यावर घ्यायचा, जन्मभर.

इतक्यात हेमाची आजी बाहेर आली. तिला सगळे आमा म्हणायचे. तिच्या हातात एक जुना पिछौड़ा होता. तो तिने उलगडला आणि सरळ मीराबाईच्या डोक्यावर घातला. बायकांचं गाणं वाढलं. मीराबाई नव्या नवरीसारखी लाजली.

"सत्ताईस साल पुराना है," आमा म्हणाली. "मेरी तीनों बहुएँ इसी में इस घर में आईं. हेमा की माँ सबसे पहले." मग ती धोंडिबाकडे वळली. "समधीजी, आप तो कपडे के आदमी हो. बताओ, ऐसा कपडा अब क्यों नहीं मिलता?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. आता बिजनेसवाल्यासारखं काहीतरी बोलायला हवं होतं. धोंडिबाने पदर हातात घेतला, कापड दोन बोटांत चोळलं. बोटांना ते आधी कळलं. त्याने किनार उलटी केली.

किनारीशी दोऱ्याने नंबर टाचला होता. दोनशे चौदा. दोरा मूळचा निळा, हळदीत हिरवट झालेला. मिलमध्ये साच्यावरून कापडाचं थान उतरलं की त्याच्या टोकाला साच्याचा नंबर टाचावा लागे. शिंपी ते टोक कापून फेकत. दोनशे चौदावर दोन पाळ्यांत दोन माणसं होती, धोंडिबा आणि तुकोजी. कुठलं थान कुणाचं यावरून भांडण नको म्हणून धोंडिबा आपल्या नंबरापुढे एक बारीक फुली घालायचा. त्यापायी जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, शिव्याही खायचा.

फुली तिथेच होती.

"ये टोक काटा नहीं?" त्याने विचारलं.

"हमारे घर में शगुन के कपडे को कैंची नहीं लगाते," आमा म्हणाली.

धोंडिबाला खूप रडू आलं आणि तितकंच हसूही आलं. त्याने मीराबाईकडे पाहिलं. तिने सांग म्हणून मान हलवली.

"आमा, मेरा कोई बिजनेस नहीं है," तो म्हणाला. "मैं मिल में साचा चलाता था. मिल बंद हो गई, दो साल से घर पे बैठा हूँ. और ये थान... ये मैंने बुना है. ये देखो, मेरी फुली."

गाणं थांबलं. मास्तरांच्या हातातला पेला तसाच राहिला. ज्ञानदीपने मान खाली घातली. आमाने किनार डोळ्यांजवळ नेली, फुलीवरून अंगठा फिरवला. मग धोंडिबाचा हात धरून तळवा उलटा-सुलटा करून पाहिला, आणि आपल्या मुलाकडे, मास्तरांकडे, वळली.

"हाँ कहने में तूने दो साल लगाए," ती म्हणाली, "और समधीजी का हाथ सत्ताईस साल से इस घर की बहुओं के सिर पर है."